लखलखा

परवा दुपारी बँकेच्या रांगेत एक आजोबा चक्कर येऊन खाली बसले. लगेच चहूबाजूंनी सल्ले सुटले. "कांदा हुंगवा", "चप्पल हुंगवा", "अहो, आधी वारा तर घाला". कुणीतरी खरंच समोरच्या वडापावच्या गाडीवरून कांदा पळवून आणला. आजोबा कांदा पोचायच्या आत शुद्धीवर आले आणि "माझा नंबर गेला का?" म्हणाले. तेवढ्या वेळात मला लखलखा, म्हणजे बेशुद्धाला शुद्धीवर आणायला हुंगवायचं ते जुन्या गोष्टींतलं औषध, आठवून गेला होता.

नव्वदीतल्या रविवारच्या सकाळी ज्यांनी दूरदर्शनसमोर काढल्यात त्यांना लखलखा सांगायला नको. 'चंद्रकांता' मालिका! त्यातल्या खलनायक क्रूरसिंहाचं ते 'यक्कू' आमच्या वाड्यात आठवडाभर घुमायचं. मला मात्र ऐयार, म्हणजे सोंगं घेणारा राजाचा हेर, व्हायचं होतं. आजीच्या जुन्या बटव्यात कापूर, ओवा आणि कमंद, म्हणजे भिंत चढायचा दोर, म्हणून पायजम्याची नाडी, एवढ्यावर मी मोहिमेवर निघत असे. संशय आला की समोरच्यानं तोंड धुऊन दाखवायचं, हा नियम. सोंगाचा रंग पाण्यानं उतरतो ना! मामेभाऊ दिवसातून इतक्यांदा तोंड धुवायला लागला की मामी हरखूनच गेली.

देवकीनंदन खत्रींचं मूळ हिंदी पुस्तक फार पुढे हाती आलं. गृहस्थ मुळात जंगलाचे ठेकेदार. बनारसजवळच्या चकिया आणि नौगढच्या रानांत हिंडायचं, पडके किल्ले, गुहा, ओढे बघायचे, हा त्यांचा धंदा. पुढे ठेका सुटला आणि १८८८च्या सुमारास या माणसानं ते अख्खं रान कागदावर उतरवायला घेतलं. मग 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग. मग 'भूतनाथ', जो १९१३ साली खत्री गेले तेव्हा अपुराच होता. मुलानं, दुर्गाप्रसादनं तो पुरा केला. छापायला घरचाच लहरी प्रेस. केवळ हे वाचायला मिळावं म्हणून उर्दूवाले नागरी अक्षरं गिरवायला बसले. आचार्य रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात हे मान्य केलंय, खत्रींइतके वाचक दुसऱ्या कुणी तयार केले नाहीत असंही लिहिलंय, आणि तरी त्या कादंबऱ्यांना साहित्याच्या पंगतीत बसवलेलं नाही. मास्तर लोकांचं हे नेहमीचंच. पोरं वर्गात धावत आली, तर आधी 'धावू नका' म्हणणार.

मला त्या पुस्तकात सगळ्यात काय आवडतं, तर लोक सारखे बेशुद्ध पडतात. पान उलटलं की कुणीतरी काहीतरी हुंगतो, आडवा होतो, गाठोड्यात बांधला जातो, आणि दुसरा त्याचं तोंड लावून दरबारात हजर. प्रस्तावनेत खत्री सांगतात की राजेराजे भांडायला लागले की हे ऐयार रक्त न सांडता, पलटणी न मारता लढाई संपवून टाकत. ऐयारानं ऐयाराला मारायचं नाही, फार तर कैद करायचं. उद्या सुटून तो पुन्हा पुढ्यात येणार, हे दोघांनाही ठाऊक. लढाया होतात, माणसंही मरतात, नाही असं नाही. पण त्यातला ऐयार तेजसिंह बटव्यात हात घालतो तेव्हा मला अजूनही फार निवांत वाटतं. मीही पिशवीत सेफ्टी पिन, सुतळी, लवंगा आणि बारका टॉर्च बाळगतो. घरचे हसतात. हसोत.

'संतति' अजून संपलेली नाही. मधले भाग कुणाकडे गेलेत, विचारायची सोय नाही, सगळे नात्यातलेच.

खत्रींच्या त्या रानाचा काही भाग आता चंद्रप्रभा अभयारण्यात आहे. १९५७ साली तिथे गीरचे तीन सिंह आणून सोडले होते. वाढत वाढत ते अकरावर गेले. आणि मग सत्तरीच्या तोंडाशी एकही दिसेनासा झाला. गावकऱ्यांनी विष घातलं म्हणतात, शिकार झाली म्हणतात. अकरा सिंह. एवढे गाठोड्यात बांधून नेणारा ऐयार खत्रींनीसुद्धा लिहिलेला नाही.