तालमीचे वैरी, कॉलेजचे गडी

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमबद्दल लिहायचं तर सुरुवात पेठांपासून करावी लागते. कोल्हापुरात पोरगं फुटबॉलला लागतं ते शाळा-कॉलेजमुळे नव्हे, तालमीमुळे, म्हणजे पेठेतल्या मंडळामुळे. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा... ज्या गल्लीत वाढलो त्या तालमीची जर्सी. के.एस.ए.च्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगला शाहू स्टेडियमवर हे संघ भिडले की सख्खे मावसभाऊही ओळख दाखवत नाहीत. आणि कॉलेजच्या टीममध्ये हेच सगळे एकत्र! गोलकीपर एका तालमीचा, स्टॉपर दुसरीचा, फॉरवर्ड तिसरीचे.

साल 1998. जुलैत वर्ल्ड कपच्या फायनलला फ्रान्सनं ब्राझीलला 3-0 नं लोळवलं होतं, त्याचं सुतक निम्म्या टीमला. उरलेले अर्जेंटिनावाले, ते त्याआधीच नेदरलँड्सकडून हरून गप्प झालेले. त्या सामन्यात नेदरलँड्सच्या बर्गकॅम्पनं लांबून आलेला तो बॉल पायावर कसा अलगद उतरवला, हे कँटीनमध्ये टेबलं सरकवून दाखवलं जायचं. चहा सांडायचा, पण बॉल काही तसा उतरायचा नाही.

सराव गांधी मैदानावर. मूळचं ते वरुणतीर्थ तळं, आणि पावसाळ्यात ते तसंच वागायचं. मारलेला बॉल चार हातांवर रुतून बसे. बुटांच्या स्टडमधला चिखल काडीनं उकरत बसलो की जिमखान्याचे सर म्हणायचे, "हितं पास देतोस न्हवं, मग कुठंबी देशील." पण अडचण चिखलाची नव्हतीच. अडचण अशी की लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचाववाला, आणि लेफ्ट आऊट, म्हणजे त्याच्या पुढं डाव्या कडेनं चढाई करणारा, हे दोन कट्टर तालमींचे. बॅक बॉल थेट पुढं भिरकावून देई, शेजारी मोकळ्या उभ्या असलेल्या आऊटला काही देत नसे. दुसऱ्या कुणी एकाला बसवलं असतं. सरांनी दोघांनाही डावीकडंच ठेवलं, वर कॉर्नर आणि फ्री किकही दोघांनी मिळूनच घ्यायच्या असा दंडक घातला. बोलल्याशिवाय इलाज उरला नाही. पहिलं बोलणं अर्थातच शिव्यांचं झालं.

विद्यापीठाच्या स्पर्धेतली आमच्या विभागाची फायनल गावातल्याच दुसऱ्या कॉलेजशी झाली. त्यांच्यातही आमच्याच तालमींची पोरं, त्यामुळे बघायला आलेल्या पेठकऱ्यांची पंचाईत. शेवटी त्यांनी दोन्हीकडच्या चुकांवर आरडाओरडा करायचं ठरवलं असावं. आम्ही 1-0 नं जिंकलो. कॉर्नर आऊटनं मारला आणि डोकं लावलं बॅकनं. माझ्या मते त्या हंगामातला खरा सामना तोच.

पुढची आंतरविभागीय, म्हणजे विभागांच्या विजेत्यांची स्पर्धा, थोडक्यात सांगतो. तेव्हा सोलापूर जिल्हाही शिवाजी विद्यापीठातच होता, त्यामुळे चारही जिल्ह्यांचे संघ होते. आम्ही टायब्रेकरच्या पेनल्टींवर हरलो. येताना एस.टी.त कुणी कुणाला दोष दिला नाही, कारण सगळे झोपले होते.

मग के.एस.ए.चा हंगाम लागला आणि टीम पुन्हा पेठांत विखुरली. त्या दोघांच्या तालमींच्या पहिल्याच गाठीला आमचा लेफ्ट आऊट शिट्टी वाजताच आपली जागा सोडून उजव्या बाजूला, थेट आमच्या लेफ्ट बॅकसमोर येऊन उभा राहिला. बॅकला आतल्या बाजूला वळायला वेळ लागतो हे त्याला गांधी मैदानावरूनच पाठ होतं. दोन गोल त्याच बाजूनं झाले. ही आतली गोष्ट फोडली कुणी, याची चौकशी बॅकच्या तालमीत पुढं बरेच दिवस चालू होती.