गिटारच्या माथ्यावरचे देशाचे नाव

गेल्या महिन्यात माझ्याकडे शिकणाऱ्या एका अकरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांचा फोन आला. "सर, दुकानात दाखवली ती गिटार इंडोनेशियात बनलेली आहे. जपानची मिळेपर्यंत थांबू का?" पुण्यात शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला दरवर्षी चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो. कधी त्यात जपानच्या जागी अमेरिका असते, तर कधी इंडोनेशियाच्या जागी चीन. मी त्यांना "थांबू नका, घ्या" एवढेच सांगितले. पण ज्या प्रश्नापायी लोक महिनोन्महिने वाद्यावाचून थांबतात, त्याचे नीट उत्तर लिहायला हवे असे वाटले.

हा समज माझाही होता. मी 1993 मध्ये शिकायला सुरुवात केली ती कोलकात्यात बनलेल्या एका गिटारवर. तिच्या तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे मानेवर बोटे ठेवायच्या पट्टीपासून, इतक्या उंच होत्या की एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा बार कॉर्ड धरताना मनगट भरून येई, आणि पाचव्या फ्रेटच्या (पट्टीवरच्या आडव्या धातूच्या कांडीच्या) पुढे गेले की सूर चढा लागे. त्यावरून मी 'देशी गिटार वाईटच' असा निष्कर्ष काढला आणि तो बरीच वर्षे बाळगला. प्रत्यक्षात त्या वाद्याचा दोष ब्रिजच्या, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या, चुकलेल्या जागेत आणि नटाच्या, म्हणजे माथ्याजवळच्या खाचांच्या पट्टीच्या, उथळ खाचांत होता. हे दोष कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी कोणीतरी तपासायला हवे होते, पण परदेशी गिटार सहजासहजी मिळत नसल्यामुळे ग्राहकाला दुसरा पर्याय नव्हता आणि कारखानदाराला तपासणीची निकड नव्हती. आज यामाहाच्या चेन्नईतील कारखान्यात एफ 280 ही नवशिक्यांसाठीची गिटार तयार होते आणि माझ्या वर्गातली मुले ती इंडोनेशियातल्या एफ 310 च्या शेजारी बसून निःशंकपणे वाजवतात. देश तोच आहे. बदलली आहे ती कारखान्यातली शिस्त.

देशांच्या नावांची ही उतरंड किती अस्थिर असते, हे फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीच्या इतिहासाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे उभा केलेला व्यवसाय जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतला. त्यानंतरच्या दशकात, विशेषतः 1971 नंतर, तीन स्क्रूंनी जोडलेल्या मानेच्या स्ट्रॅटोकास्टर (फेंडरची गाजलेली इलेक्ट्रिक गिटार) बाजारात आल्या. मानेच्या जोडातला सैलपणा आणि लाकडाचे वाढलेले वजन यांबद्दल वादक आजही त्या काळातील वाद्यांना नावे ठेवतात, आणि ती सगळी वाद्ये अमेरिकेत बनलेली होती. त्याच काळात जपानी कारखाने अमेरिकी गिटारींच्या इतक्या काटेकोर प्रतिकृती करत होते, की 1977 मध्ये गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी गिटार ब्रँडच्या मालक कंपनीने आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकी वितरकावर हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असलेल्या माथ्याच्या, आकारावरून दावा लावला. अखेर 1982 मध्ये फेंडरनेच दोन जपानी कंपन्यांसोबत भागीदारी करून फेंडर जपान स्थापन केली आणि काम नागानो प्रांतातील मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्याकडे दिले. फेंडरचे तेव्हाचे अध्यक्ष बिल शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये सीबीएसकडून कंपनी विकत घेतली, तेव्हा फुलर्टनचा कारखाना त्या व्यवहारात नव्हता. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्याच कोरोना शहरातील नवा कारखाना रुळेपर्यंत फेंडरच्या नावाने विकली जाणारी बहुतेक वाद्ये जपानी होती. ज्या जपानी गिटारींकडे एके काळी नक्कल म्हणून पाहिले जाई, त्यांच्या 1982 ते 1984 च्या, 'जेव्ही' अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या वाद्यांसाठी आज संग्राहक मोठी किंमत मोजतात.

फेंडरने 1987 मध्ये मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे कारखाना सुरू केला. कोरोनाच्या वाद्याची किंमत आज एन्सेनाडाच्या वाद्याच्या साधारण दुप्पट असते. फरक असतो, तो मी नाकारत नाही. महागड्या मालिकेत फ्रेटबोर्डच्या कडा हाताने घासून गोलसर केलेल्या असतात, पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग) आणि खुंट्या वरच्या दर्जाच्या असतात, शेवटच्या तपासणीला अधिक वेळ दिलेला असतो. पण हा फरक कंपनीने किमतीचा टप्पा ठरवताना आधीच आखलेला असतो, आणि मेक्सिकोतल्या कारागिराला तेवढाच वेळ आणि तेच सुटे भाग दिले तर तोही ते काम करील. लाकूड कापणारी यंत्रे आता सगळीकडे संगणकावर चालतात; मानेचा आकार कॅलिफोर्नियात आणि इंडोनेशियातल्या सुराबायात एकाच आराखड्यावरून निघू शकतो. म्हणून हेडस्टॉकवर देशाचे नाव वाचतो तेव्हा मला त्यातून प्रामुख्याने मजुरीचा दर कळतो, आणि त्या मजुरीत कंपनीने किती तासांचे काम विकत घेतले असेल याचा अंदाज येतो. सुराबद्दल त्यातून फार थोडे कळते.

शिवाय वाद्य 'एका देशाचे' असते हेच मुळात अर्धसत्य आहे. आपल्याकडे आजोबांच्या काळातला शिसवी पलंग जसा घराण्याची ठेव मानला जातो, तोच शिसव अमेरिकी गिटारच्या पाठीला आणि फ्रेटबोर्डला लागतो. ब्राझीलच्या शिसवाचे ओंडके मिळेनासे झाल्यावर पेनसिल्व्हेनियातील मार्टिन कंपनी 1969 मध्ये भारतीय शिसवाकडे वळली, आणि तिच्या डी-28 सारख्या गिटारींचा नावलौकिक पुढे या लाकडावरही टिकून राहिला. ऑगस्ट 2011 मध्ये अमेरिकी सरकारच्या वन्यजीव विभागाने गिब्सनच्या टेनेसीतील कारखान्यांवर छापा घातला, तेव्हा जप्त झालेल्या मालात भारतातून गेलेल्या शिसवाच्या आणि आबनुसाच्या फ्रेटबोर्डच्या पट्ट्या होत्या. वादाचा मुद्दा असा होता, की भारतीय नियमांनुसार हे लाकूड पुरेसे घडवल्याशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाही, आणि त्या पट्ट्या 'घडवलेल्या' होत्या की नुसत्या कापलेल्या, याबद्दल मतभेद होते. त्या पट्ट्या लावलेली गिटार पूर्ण झाल्यावर तिच्यावर 'मेड इन यूएसए' असेच लिहिले जाणार होते. पुढे 2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले आणि फेंडरने मेक्सिकोतील मालिकेत शिसवाऐवजी पाउ फेरो हे दक्षिण अमेरिकी लाकूड वापरायला सुरुवात केली. तयार वाद्यांना या बंधनातून सूट मिळाली ती 2019 च्या नोव्हेंबरमध्ये.

लाकडाने तरी सूर किती बदलतो? लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा ॲकूस्टिक गिटारी बनवून घेतल्या. सर्व गोष्टी सारख्या ठेवून फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड बदलले, आणि 52 वादकांना अंधुक खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा लावून त्या वाजवायला दिल्या. 2018 च्या अखेरीस आलेल्या निष्कर्षानुसार वादकांनी सहाही गिटारींना जवळजवळ सारखेच गुण दिले, मग पाठ ब्राझीलच्या दुर्मिळ शिसवाची असो वा स्वस्त लाकडाची. हा प्रयोग देशाबद्दल नव्हता हे खरे; पण डोळ्यांनी पाहिलेले नाव कानांवर किती भार टाकते, हे त्यातून उमगते.

मग देशाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि माझ्या मते तो कामगारांच्या बाजूने पाहिल्यावर दिसतो. अनेक नामांकित ब्रँडसाठी गिटारी बनवणाऱ्या कॉर्ट या कोरियन कंपनीने 2007 पासून आपल्या कोरियातील कारखान्यांतील कामगारांना काढले आणि उत्पादन इंडोनेशिया व चीनमध्ये हलवले. त्या कामगारांनी दिलेला लढा एप्रिल 2019 मध्ये समझोता होईपर्यंत, म्हणजे बारा वर्षे चालला. त्याच सुमारास पीआरएस या अमेरिकी कंपनीनेही आपल्या स्वस्त एसई मालिकेतील अनेक गिटारींचे काम कोरियातून कॉर्टच्या इंडोनेशियातील कारखान्याकडे नेले. वादकांच्या चर्चेत तेव्हा प्रश्न असे, तो आवाज बिघडला की सुधारला एवढाच. ज्या हातांनी आपले वाद्य घडवले त्यांचे पुढे काय झाले, हे विचारणे मला आवाजाइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण ते कौशल्य त्या हातांत होते, नकाशावर नव्हते. मिरजेत तानपुरा घेणारा गायक गावाचे नाव जरूर उच्चारतो, पण ठरवताना तो कोणत्या घरातल्या कारागिराने जवारी काढली, म्हणजे नाद घुमावा म्हणून घोडी घासली, हे विचारतो.

आपल्याकडच्या वादकाने खरी काळजी घ्यावी ती हवामानाची. गिटारच्या चांगल्या कारखान्यांत हवेतील आर्द्रता साधारण 45 ते 50 टक्क्यांवर राखलेली असते. मुंबईत जुलैमध्ये ती 80 च्या वर जाते. माझ्या मावसभावाने न्यू जर्सीहून आणलेली पूर्ण अखंड लाकडाची अमेरिकी गिटार डोंबिवलीच्या पहिल्याच पावसाळ्यात फुगली, पुढची फळी वर आली आणि तारा उंच झाल्या. त्याच खोलीत त्याच्या मुलाची प्लायवूडची गिटार जागची हलली नव्हती. यात बनवणाऱ्याची चूक नव्हती. ते वाद्य ज्या हवेसाठी घडवले होते ती हवा आम्ही त्याला देऊ शकलो नाही. सिलिका जेलच्या पिशव्या घालून आणि केस बंद ठेवून ती गिटार सप्टेंबरअखेर पूर्ववत झाली.

त्या मुलीच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी तीच गिटार घेतली आणि रविवारी ती दोघे वर्गात आली. मी मान एका डोळ्याने न्याहाळून पाहिली, ती सरळ होती. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर) सहाही तारांवर जुळत होता, आणि फ्रेटची टोके बोटाला लागत नव्हती. मग आम्ही तारा सुरात लावल्या आणि जी मेजर या कॉर्डला कोणते बोट कुठे ठेवायचे ते पाहू लागलो.