फिलर किलोवर नाही, पीसवर मोजा

भोसरी-चाकणच्या प्लास्टिक मोल्डिंग शॉपमध्ये फिलरचा, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळायच्या भुकटीचा किंवा तंतूंचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, 'किलोमागे किती पैसे सुटतील?' इथेच हिशोब चुकतो. दाणा, म्हणजे कच्चं प्लास्टिक, आपण किलोने घेतो, पण साचा घनफळाने भरतो. साध्या पीपीची (पॉलिप्रोपिलीनची) घनता ०.९ ग्रॅम प्रति घनसेंमी, कॅल्शियम कार्बोनेटची २.७. वजनाने ४० टक्के फिलर घातला की कंपाऊंडची, म्हणजे या मिश्रणाची, घनता १.२३ च्या आसपास जाते. १०० ग्रॅमचा पीस १३६ ग्रॅमचा होतो आणि त्यात ८२ ग्रॅम पीपी असतोच. म्हणजे पीपी वाचला १८ टक्के. त्यातून फिलरची किंमत, कंपाऊंडिंगचा खर्च आणि वाढीव वजनाचं भाडं वजा करा.

फिलर घालायचा तो गुणांसाठी. शंखजिऱ्याचे, म्हणजे टाल्कचे, चपटे कण पीपीला ताठपणा देतात, म्हणून गाडीच्या आतल्या भागांत २० टक्के टाल्कचा पीपी दिसतो. नायलॉनला ३० टक्के ग्लास फायबर लागतो, टायरच्या रबराला कार्बन ब्लॅक. कागदात केओलिन (चिनी माती) किंवा कॅल्शियम कार्बोनेट तंतूंमधल्या फटी भरतं, त्यामुळे मागची छपाई पुढे दिसत नाही.

साध्या पीपीच्या साच्यात टाल्कवाला दाणा चालवला की माप हमखास बिघडतं. साधा पीपी दीड ते दोन टक्के आकसतो, टाल्कवाला एक-सव्वा टक्का. पीस मोठा निघतो, फिटिंगमध्ये अडकतो. ग्लास फायबरचा त्रास वेगळा: तंतू प्रवाहाच्या दिशेने वळतात, आडव्या-उभ्या दिशेला आकसणं वेगवेगळं होतं आणि सपाट पीस वाकतो. वर मशीनचा स्क्रू, बॅरल आणि साच्याचं गेट (माल आत शिरायचं तोंड) झिजतात ते निराळंच.

पावसाळ्यात दाण्याची पिशवी उघडी राहून ओल धरली की पीसवर चंदेरी रेघा येतात. टाल्कवाला पीपी ८० अंशांवर दोन-तीन तास सुकवून घ्या.

आलेल्या मालात फिलर सांगितल्याइतका आहे का, हे नमुन्याची राख करून, ती तोलून कळतं. पण भट्टी ६०० अंशांवरच ठेवा. ९०० वर नेली तर कॅल्शियम कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, ४० टक्क्यांचा माल २२ दाखवतो आणि पुरवठादाराशी विनाकारण भांडण होतं. ६०० वरच्या राखेवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका: फसफसली तर कॅल्शियम कार्बोनेट, गप्प राहिली तर बहुधा टाल्क किंवा ग्लास. काचेचे तंतू भिंगाखाली लगेच ओळखू येतात.