तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या पावसात महाबळेश्वरची झाडं बुटकी का?

मी वाईची, त्यामुळे वर फिरून आलेले पाहुणे हमखास विचारतात की एवढा धो धो पाऊस पडतो मग महाबळेश्वरचं जंगल असं बुटकं कसं, केरळातली झाडं बघा केवढी उंच असतात. प्रश्न बरोबर आहे. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस, आणि अंजनी, जांभूळ, पिसा सगळे आपले अंग चोरून उभे.

तर पाऊस किती पडतो यापेक्षा तो वर्षभरात कसा वाटून पडतो हे झाडाला जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात उरकतो, मग दिवाळीनंतर मे संपेपर्यंत एखादा वळीव सोडला तर काही नाही. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला परतीचा मान्सून आणि उन्हाळी सरी पण मिळतात त्यामुळे तिथला कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा, आपला सात-आठ. बरं पडलेलं पाणी धरून ठेवायला माती तरी कुठे आहे, खाली जांभा आणि त्यावर पातळ थर, बाकीचं गेलं कृष्णा-कोयनेला.

पावसाळ्यात तरी झाड वाढतं म्हणावं तर ऊन नसतं. दिवसच्या दिवस धुकं, पानं सतत ओली. पानांतून पाणी उडून गेलं की मुळं खालून नवं पाणी आणि त्यातलं खत वर ओढतात, पण हवाच ओलीचिंब असली की ती ओढ मंदावते, शिवाय पावसाने मातीतलं सत्त्व धुऊन नेलेलं असतंच. म्हणजे पाणी आहे तेव्हा ऊन नाही आणि ऊन आहे तेव्हा पाणी नाही. (मजेत असतं ते खोडावरचं शेवाळ आणि आमऱ्या, म्हणजे ऑर्किड!) त्यात तेराशे-चौदाशे मीटरवरचा गारवा, आणि कोकणातून कडा चढून येणारा वारा. कड्यालगतचं जांभूळ बघा आणि तेच ओढ्याच्या घळीत बघा, जिथे माती साठते आणि वारा लागत नाही तिथे ते बरंच उंच जातं.

पण याला कोणी झुडपं म्हटलं की माझं डोकं फिरतं. खोड बारीक म्हणजे झाड कोवळं असं इथे नसतं हो. २००१ पासून हा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेलं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे, तरी बांधकामाला जागा मोकळी करताना 'झुडपंच होती' हे ऐकू येतंच, आणि एकदा झाडोरा गेला की तो पातळ मातीचा थर पुढच्याच पावसाळ्यात खाली दरीत.