केबिन नंबर सांगा

मी क्रूझ शिपवर गेस्ट सर्व्हिसेसला होते. म्हणजे हॉटेलात रिसेप्शन असतं तसंच, फरक एवढाच की इथला पाहुणा कितीही चिडला तरी निघून जाऊ शकत नाही आणि आपणही जाऊ शकत नाही. पाच कॉन्ट्रॅक्ट केली, त्यात उलट्या-जुलाबाची साथ दोनदा बघितली, ती जहाजावर अधूनमधून होतेच, नोरोव्हायरस म्हणतात त्याला, बफेचे चमचे आपल्या हातात घेतले, सगळीकडे फिनाइलसारखा वास सुटला की समजायचं. पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच एका दिवसाबद्दल.

सकाळी पावणेसहाला केबिनमधला फोन वाजला, डेस्कवाल्या सगळ्यांना हॉटेल डायरेक्टरच्या ऑफिसात बोलावलंय. डॉक्टर आधीच बसले होते तिथे. चार दिवसांपूर्वी एका पॅसेंजरला ताप, अंगदुखी आणि मग एकाएकी धाप लागली म्हणून हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर हलवलं होतं, ते आम्हाला माहीत होतंच. तेव्हा सगळे निमोनिया निमोनिया म्हणत होते. आता लॅबचा रिपोर्ट आला होता, हंता व्हायरस, आणि त्यातला अँडीज.

नावच पहिल्यांदा ऐकलं मी. डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं की हंता उंदरांकडून येतो, त्यांच्या लघवी-लेंड्यांची धूळ नाकात गेली की होतो, आणि एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही, पण अँडीज हा त्यातला अपवाद. अर्जेंटिना आणि चिलीच्या रानातल्या उंदरांत असतो तो. हा गृहस्थ जहाजावर चढायच्या आधी तिथल्याच पॅटागोनिया भागात ट्रेक करून, लाकडी खोपटांत राहून आला होता. लस नाही, खास असं औषध नाही, वेळेवर आयसीयू मिळालं तर माणूस वाचायची शक्यता वाढते, आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. शिवाय अजून एक जण तापाने मेडिकल सेंटरमध्ये झोपलेला.

(पुढचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे तेच शोधत बसतील. त्या दुसऱ्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. पहिला पॅसेंजर बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होता पण वाचला. बाकी कोणाला काही झालं नाही. पण त्या दिवशी यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं.)

आम्हाला एक कागद दिला, फोनवर काय बोलायचं त्याचा. पहिलं वाक्य होतं, घाबरण्याचं काही कारण नाही.

आठ वाजता कॅप्टनची अनाउन्समेंट झाली. सगळ्यांनी केबिनमध्ये थांबायचं, जेवण दारात येईल, मेडिकल टीम प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेईल, आणि कागदावरचं ते पहिलं वाक्य. कॅप्टनचं बोलणं संपायच्या आत फोनच्या बोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले. मला वाटतं त्या एका वाक्याने केलं ते. बाकीचं सगळं लोकांनी नीट ऐकलं असतं, पण घाबरू नका म्हटल्यावर प्रत्येक जण उठून बसला. मी पाच-सहा कॉलनंतर ते वाक्य म्हणायचंच बंद केलं. त्याऐवजी सरळ सांगायला लागले की आत्ता एवढं माहीत आहे आणि एवढं माहीत नाही, जे माहीत नाही ते संध्याकाळी कळेल. आवाज खाली यायचा लोकांचा. सगळ्यांचा नाही, पण यायचा.

पहिले कॉल उंदरांचे. जहाजावर उंदीर आहेत का, रात्री आमच्या छतावर काहीतरी खुडखुड वाजतं ते काय, वगैरे. मी सांगायचे की प्रत्येक जहाजाकडे सॅनिटेशनचं सर्टिफिकेट असतं, सहा महिन्यांनी नवीन घ्यावं लागतं, आणि बंदरात जहाज बांधतात त्या दोरांवर मोठ्या गोल थाळ्या दिसतात ना, त्या दोरावरून उंदीर चढू नये म्हणूनच असतात. एका बाईंनी लगेच मोबाइलमधला फोटो चाळून सांगितलं की हो, आहेत थाळ्या, मला वाटलं डेकोरेशन आहे. त्या खूश झाल्या आणि फोन ठेवला. सगळे असे मिळाले असते तर!

मग एक रिटायर्ड प्राध्यापक, पाचव्या डेकवरचे. ते म्हणाले, तुम्ही सांगताय की जहाजावरच्या उंदरांचा काही संबंध नाही, पण हंताचा सोल नावाचाही एक प्रकार आहे आणि तो शहरातल्या साध्या तपकिरी उंदरांत असतो, आणि ते उंदीर जगभर जहाजांतूनच पोचले. मी गप्प. त्यांना भांडायचं नव्हतं, माहिती होती तर ती कोणालातरी द्यायची होती. मग त्यांनी मला एपुयेनची गोष्ट सांगितली. अर्जेंटिनातलं एक छोटंसं गाव, २०१८ च्या शेवटी तिथे एका वाढदिवसाच्या पार्टीला एक तापाचा माणूस आला आणि तिथून अँडीज पसरत गेला, एकूण ३४ जणांना झाला, ११ गेले. पण लोकांना घरात थांबवलं, वेगळं ठेवलं आणि साखळी तुटली, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे केबिनमध्ये बसायला सांगताय ते बरोबर आहे, मी कुठेही जाणार नाही, फक्त मला दोन क्रॉसवर्ड पाठवा. पूर्ण दिवसात मला सगळ्यात उपयोगी पडलेला कॉल. पुढे तोच किस्सा मी निदान वीस जणांना सांगितला असेल, पार्टीचा भाग गाळून.

योकोहामा तर निघणारच होतं. २०२० मध्ये जपानच्या त्या बंदरात क्वारंटाइनमध्ये अडकलेली क्रूझ, डायमंड प्रिन्सेस, ३,७११ माणसं, त्यातल्या ७१२ जणांना कोविड. हे आकडे पॅसेंजरना तोंडपाठ, कारण क्रूझवर जाणारी माणसं क्रूझच्या बातम्या वाचतात. एक जण ओरडत होते की आम्हाला पण तसंच सडवणार तुम्ही. दुसरे म्हणाले वेस्टरडॅमचं काय झालं आठवतं का, कुठलंच बंदर घेत नव्हतं, शेवटी कंबोडियाने घेतलं, आणि आपल्याला तर कंबोडिया पण जवळ नाही. हसू आलं मला, आणि त्यांना ऐकू गेलं बहुतेक, कारण मग तेही हसले.

रिफंडचे कॉल मी सांगत बसत नाही. भरपूर होते.

मी वहीत रेघा मारत होते, सवय आहे डेस्कची, कोणत्या गोष्टीसाठी किती फोन आले ते शिफ्ट संपताना लिहून द्यावं लागतं. दुपारी एकला बघितलं तर एका प्रश्नाने बाकी सगळ्यांना मागे टाकलं होतं. कोणाला झालंय? कुठल्या केबिनमध्ये? केबिन नंबर सांगा. ६१ रेघा. आणि तो कसा आहे आता, असं विचारणाऱ्या २. त्यातली एक त्या प्राध्यापकांची.

केबिन नंबर आम्ही देत नाही, देऊच शकत नाही. तर मग लोकांनी स्वतःच काढला. पॅसेंजरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, पहिल्या दिवशी पत्ते खेळायला म्हणून काढलेला, त्यावर दहा वाजेपर्यंत ठरलं की सातव्या डेकवरचं ते जोडपं. का, तर नवरा चढल्यापासून खोकतोय आणि बायको दोनदा मेडिकल सेंटरला जाताना दिसली. ती बिचारी जहाज लागत होतं म्हणून गोळ्या आणायला गेली होती. त्यांच्या दाराखालून कोणीतरी चिठ्ठी सरकवली, बाहेर पडू नका, इतरांचा विचार करा. आजूबाजूच्या तीन केबिनमधून फोन, आम्हाला रूम बदलून द्या.

मग त्या बाईंचाच फोन आला. आवाज एकदम शांत, ज्याची मला ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटते. म्हणाल्या, आम्ही विमानातून उतरून थेट बंदरावर आलो, कुठला ट्रेक नाही, कुठलं जंगल नाही, माझ्या नवऱ्याला दमा आहे, तुम्ही माइकवर फक्त एवढं सांगा की ते आम्ही नाही.

वाटलं, काय हरकत आहे? एक वाक्य. मी हॉटेल डायरेक्टरकडे गेले, तो म्हणाला विचार कर, यांचं सांगितलंस की समोरच्या केबिनवाले म्हणणार आमचंही सांगा, मग त्यांच्या बाजूचे, आणि कोण कोण नाही हे सांगत गेलीस की शेवटी जो उरेल तोच. आणि किनाऱ्यावर आयसीयूत पडलाय त्याची बायको अजून इथेच आहे, वेगळ्या केबिनमध्ये, दाराबाहेर कोणी चिठ्ठी टाकेल याची वाट बघत. त्याचं बरोबर होतं. मी परत येऊन त्या बाईंना नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे. त्यानंतर त्यांनी दिवसभरात एकदाही फोन केला नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. मला अजून वाटतं की काहीतरी मधला मार्ग असणार, पण तो मला तेव्हा सापडला नाही आणि खरं सांगायचं तर आजही सापडलेला नाही.

दुपारी तीनला जहाज बंदराबाहेर नांगरलं. लगेच नवीन लाट, पिवळा झेंडा लावलाय, आपल्याला वाळीत टाकलं! आता हा पिवळा झेंडा नवीन देशाच्या प्रत्येक बंदरात शिरताना लागतोच, आधीच्या बंदरातही होता, कोणी मान वर करून बघितलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्याचा अर्थ आजकाल असा की जहाजावर सगळे ठणठणीत आहेत, आम्हाला आत येऊ द्या. हे मी सांगत होते सगळ्यांना. यावेळी पिवळ्याच्या खाली अजून एक तिकोनी झेंडा होता आणि दोन्ही मिळून अर्थ होतो की आमची आरोग्य तपासणी करा, हे मात्र सांगत नव्हते. खोटं नव्हतं ते, पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि सकाळी कागदावरच्या वाक्याला नावं ठेवणारी मीच.

किनाऱ्याकडून छोट्या बोटी आल्या, जरा लांब थांबून मोबाइलवर शूटिंग करत होत्या. बाल्कनीतले लोक त्यांचं शूटिंग करत होते. एका बोटीतून कोणीतरी हात हलवून जा जा करत होतं, आणि आमचे एक आजोबा त्याला बाय बाय समजून मनापासून हात हलवत होते. धक्क्यावर कठड्याला धरून माणसं उभी, कापडी बोर्ड घेऊन. वाचता येत नव्हतं, पण लिहिलेलं काय असणार ते कळत होतं. मला राग आला त्यांचा आणि मग वाटलं, यांचं तरी काय चुकलं, यांनी पण तेच विचारलंय, कुठे आहे तो, आणि यांना केबिनऐवजी जहाज सापडलंय.

मध्येच आईचा फोन. तिला फॉरवर्ड आला होता, फोटो भलत्याच जहाजाचा, निम्मं बुडालेलं. अगं हे आमचं नाही म्हटलं, तर म्हणे ते जाऊ दे, उंदराचा रोग आहे ना, तू कोणाच्या जवळ जाऊ नकोस, ताटं पोचवायला सांगितली तर सांग पोटात दुखतंय. मी म्हटलं आई, मी डेस्कवर आहे, ताटं दुसरी मुलं पोचवतात. मग त्यांना पोचवू दे, ती म्हणाली.

रात्री दहा वाजता, बोर्ड जरा थंडावल्यावर, एक बाई बोलल्या. आवाज ओळखीचा वाटला, सकाळपासून तीन-चारदा त्यांनी केबिन नंबरच विचारला होता आणि मी प्रत्येक वेळी रेघ मारून पुढे गेले होते. त्या म्हणाल्या, मला नंबर नकोय, एवढंच सांगा, तो कानाला मशीन लावणारा उंच माणूस आहे का? कारण तो आमच्या टेबलवर दोन रात्री जेवला, दुसऱ्या रात्री त्याला थंडी वाजत होती, मी माझी शाल दिली त्याला आणि परत घेऊन तीच पांघरून झोपले. मी विचारलं, फॉर्मवर लिहिलंत का हे? नाही लिहिलं. सातव्या डेकवरच्यांचं काय केलं बघितलं ना मी ग्रुपवर.

मी काही न बोलता डॉक्टरांना जोडून दिलं. हो किंवा नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता, पण मी जितक्या पटकन फोन जोडला त्यावरून त्यांना कळलंच असणार. त्याच रात्री त्यांना वेगळ्या केबिनमध्ये हलवलं. मी वही उघडून त्या ६१ रेघांकडे बघत बसले. त्यात अशा अजून किती होत्या कोणाला माहीत, मी तर सगळ्यांना चोंबडे समजले होते.

साडेअकराला क्रू मेसमध्ये गेले. रूम सर्व्हिसचा तो पोरगा बसला होता, आपला मराठीच, मला ताई म्हणतो. त्या पॅसेंजरला ताप होता ते दोन दिवस त्याचं जेवण यानेच नेलं होतं, आत नाही, दाराबाहेर ट्रे ठेवून. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की याला धोका जवळपास नाही, मास्क लाव, दोनदा ताप मोज, कामावर राहा. सहा खुर्च्यांच्या टेबलावर तो एकटा. बाकीची टेबलं खचाखच, दोघं तर उभ्याने खात होते.

त्याने मला बघून समोरची खुर्ची पायाने थोडी मागे सरकवली. ताई, या ना.

नको रे, म्हटलं, पार्सल घेऊन जाते, शिफ्ट आहे अजून.

शिफ्ट दहालाच संपली होती माझी, त्यालाही माहीत होतं.