स्टायलोच्या ४८ नमुन्यांची गटवारी: माझा अनुभव

स्टायलो हे शेंगावर्गीय चारापीक; हमाटा, स्कॅब्रा, ह्युमिलिस, व्हिस्कोसा या त्याच्या प्रजाती. बियांच्या पाकिटावर ‘हमाटा’ लिहिलंय म्हणून आत हमाटाच असेल असं धरू नका. हलक्या मुरमाड जमिनीवर ४८ नमुने लावले, त्यातले तीन पहिल्याच फुलोऱ्यात स्कॅब्रा निघाले.

ओळख पटते ती दहापट भिंगाखाली. हमाटाच्या खोडावर पांढरी लव एकाच बाजूनं पट्टीसारखी उतरते. स्कॅब्राचं खोड राठ केसांचं, बोटांना चिकटणारं. शेंगेची चोच हमाटात लांब, टोकाला आकडा. स्कॅब्रात आखूड, गुंडाळलेली. दोघांच्याही फुलाच्या बुडाशी पिसासारखा एक केसाळ देठ असतो. ह्युमिलिस आणि व्हिस्कोसात तो नसतो.

बी टणक, कवचातून पाणी शिरत नाही. म्हणून पेरणीआधी ८० अंशांच्या पाण्यात चार मिनिटं, लगेच गार पाण्यात. उकळत्या पाण्यात बी मरू शकतं. जेमतेम पन्नास दाणे असतील तर सरळ पॉलिश पेपरवर घासा. ही प्रक्रिया सगळ्या नमुन्यांना सारखीच हवी, नाहीतर उगवण मागेपुढे होते आणि फुलोऱ्याचे दिवस खोटे पडतात. जूनच्या सुरुवातीला पिशव्यांत, महिन्यानं शेतात, एक बाय एक मीटरवर. उशीर झाला की दिवस लहान होताच झाडं बुटकी असतानाच फुलतात आणि नमुन्यांतला फरक झाकला जातो.

माझी मोठी चूक संगणकावर मिळत्याजुळत्या नमुन्यांचे गट पाडताना झाली. उंची, पसारा, हिरवा चारा, वाळका चारा असे चारही रकाने घातले. चारही एकच गोष्ट सांगतात, म्हणून गट नुसते ‘मोठी झाडं, छोटी झाडं’ असे पडले. मग वाळका चारा (७० अंशांवर ४८ तास) आणि पसारा ठेवला. केसाळपणा हो-नाही, पानगळ श्रेणीत, चारा ग्रॅममध्ये. अशा मिसळीला गॉवरचं अंतर (वेगवेगळ्या प्रकारच्या नोंदी एकत्र धरून दोन नमुन्यांतला फरक मोजायची पद्धत) वापरलं, तेव्हा कुठे गट पटले.

करपा रोगाच्या नोंदी मात्र गटवारीत घालू नका. ऑस्ट्रेलियात सत्तरच्या दशकात ह्युमिलिसची कुरणं याच रोगानं बसली, त्यामुळे करपा तपासायचाच, पण वेगळा. दर दहा ओळींत फिट्झरॉयची (करप्याला सहज बळी पडणारा स्कॅब्राचा वाण) एक ओळ ठेवा. ती स्वच्छ राहिली तर त्या वर्षी रोगच आला नाही, आणि शेजारचा नमुना प्रतिकारक म्हणून लिहिता येत नाही.

दुसऱ्या वर्षी तोच तुकडा टाळा. गळालेलं टणक बी पुढच्या पावसात उगवतं, कुठल्या ओळीचं ते कळत नाही.