सांगरी तोडायला गेलो होतो

बिकानेरमध्ये बदली होऊन आल्यापासून केर-सांगरी (केर या झुडपाची फळं आणि खेजडीच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी, यांची भाजी) खातोय, पण झाडावरची सांगरी आज पहिल्यांदा स्वतः तोडली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या ढाणीवर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर. काट्यांनी हात चांगलेच ओरबाडले.

खेजडी म्हणजे आपली शमी. आपण दसऱ्याला नमस्कार करून मोकळे होतो. इथे घर चालतं तिच्यावर. कोवळ्या शेंगांची भाजी, पाला शेळ्या-उंटांना, पिकून सुकलेल्या शेंगा (खोखा) पोरं चघळत फिरतात. खेजडीखाली बाजरीही बरी येते, कारण मुळं खोल जातात आणि जमिनीला नत्र मिळतं. खेजडीची तोड रोखण्यासाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात ३६३ जणांनी प्राण दिले हे सगळे सांगतात, ही रोजची बाजू कुणी फारसं सांगत नाही.

सहकाऱ्याच्या आईला सगळे काकीसा म्हणतात. माझी टोपली बघून त्यांनी निम्म्या शेंगा सरळ शेळीपुढे टाकल्या. दाणा भरला की सांगरी भाजीच्या कामाची राहत नाही म्हणे!

केर तर कच्चा तोंडात घालूच नका, कडूजहर. मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस मुरवावा लागतो.

बांधावर बिळाच्या तोंडाशी सांडा (वाळवंटातला एक मोठा सरडा) ऊन खात बसला होता. काटेरी शेपटीचा, पण मुख्यतः शाकाहारी. तेलासाठी याला मारतात, कायद्याने बंदी असूनही. संताप येतो.

सांगरी उकडून गच्चीवर वाळत घातलीय. मे महिन्यात पुण्याला येतोय, हवी असेल त्यांनी आत्ताच सांगा. बाजारात वाळलेली घ्यायची तर सुकामेव्याचा भाव पडतो.